दहा सेकंदांची शांतता

कानकाका गिऱ्हाइकाला आधी माल दाखवत नसत. आधी त्याचे कान बघत. चष्मा आहे का, एक कान बाहेर आलेला आहे का, माणूस चालता चालता गाणी ऐकणारा आहे की खुर्चीत आठ तास गेम खेळणारा. चष्मेवाल्याला घट्ट दाबणारा हेडफोन दिला तर तासाभरात कानामागे ठणका लागतो आणि दुसऱ्या दिवशी तो भांडायला येतो. इअरबड्सबरोबर तीन मापांच्या रबरी टोप्या येतात, पण बऱ्याच लोकांचे दोन कान एका मापाचे नसतात, आणि हे त्यांना जन्मात कुणी सांगितलेलं नसतं. कानकाका सांगत. डाव्याला मधली, उजव्याला लहान. लोक मग आपलाच कान चाचपून बघत.

दुकान अरुंद होतं, घड्याळवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधलं. पुढच्या काउंटरवर त्यांचा मेहुणा फोन विकत असे. मागची बाजू कानकाकांची. बावीस वर्षं दोघांनी दुकान चालवलं, आणि गेले आठ महिने दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. मेहुण्याची थोरली बहीण, म्हणजे कानकाकांची बायको, आठ महिन्यांपूर्वी गेली होती.

"सगळ्यात महाग कुठला?" एक दिवस एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"महाग कशाला? खेळतोस कुठे, एकटा की घरच्यांत?"

"घरच्यांत."

"मग कान पूर्ण झाकणारा, बंद कपाचा घे. तुला त्यांची कटकट नको, त्यांना तुझी नको. माईक तोंडासमोर धरायचा नाही. ओठाच्या कोपऱ्याशी, अंगठाभर लांब. समोर धरलास तर तुझ्या मित्रांना तुझे फुसकारे ऐकावे लागतील."

"आणि घरातलं कुणी मरत असलं तर?" पुढून मेहुणा म्हणाला. मान वर न करता. "तेही ऐकू येत नाही ना, दाजी, त्या बंद कपातून? सांगा की गिऱ्हाइकाला."

गिऱ्हाईक हसलं. त्याला वाटलं, दुकानातली नेहमीची थट्टा असेल.

कानकाकांनी बॉक्स उघडला आणि त्याला मागच्या खोलीत नेलं. ती खोली म्हणजे पूर्वीची माल ठेवायची जागा. भिंतींना जाजम ठोकलेलं, दार बंद केलं की स्वतःच्या पोटातलं गुरगुरणं ऐकू येई. तिथे ते प्रत्येक माईकची 'शांतता घेत'. हा त्यांचा शब्द. माईकबरोबर एक प्रोग्राम येतो. माईक सुरू करून दहा सेकंद गप्प बसायचं. तेवढ्या वेळात तो खोलीतला पंखा, फ्रिज, रस्ता सगळं टिपून घेतो आणि पुढे तेवढंच गाळून टाकतो. मग पंखा फिरत असला तरी पलीकडच्याला फक्त तुमचा आवाज जातो.

"या दहा सेकंदांत बोलायचं नाही," कानकाका प्रत्येकाला बजावत. "या दहा सेकंदांत जे सापडेल ते त्याच्या लेखी कचरा. चुकून बोललास तर पुसून टाक आणि परत घे. आळस करू नको."

हजारभर लोकांना तरी त्यांनी हे शिकवलं असेल.

*

घरी त्यांची लेक होती. एकोणीस वर्षांची, आईसारखी उंच. ती पाच जणींच्या टोळीत गेम खेळायची आणि त्यात नाव कमावून होती. कोण कुठे लपलंय, कुणी कुठून जायचं, हे सांगायचं काम तिचं. दुपारी सराव असे. दाराबाहेर उभं राहिलं की तिचा आवाज येई, "डावीकडे, डावीकडे, थांब, आता." तेवढाच आवाज कानकाकांच्या वाट्याला येई. आई होती तोवर ती बापाला "बाबा, तू" म्हणायची. आई गेली त्या दिवसापासून "तुम्ही" म्हणायला लागली. आणि पहिल्या महिन्यानंतर "बाबा" म्हणणंही सोडलं.

"तुमचा आवाज येतो माझ्या माईकमधून," एका शनिवारी ती म्हणाली. "फोनवर बोलता, खोकता, भांडी आपटता. सगळ्या विचारतात, हा मागे कोण आहे. मला असा माईक आणा की तुमचा आवाज जाणार नाही."

कानकाकांना बरं वाटलं. तिने काहीतरी मागितलं होतं. त्यांनी दुकानातला उत्तम माईक आणला, टेबलाला माईक धरणारा हात बसवला, तिच्या ओठाच्या कोपऱ्याचं अंतर मोजलं. प्रोग्राम घातला आणि म्हणाले, "आता दहा सेकंद गप्प बस."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आकडे सुरू झाले. दहा, नऊ.

"आईने हाक मारली होती ना?" लेक म्हणाली. ती माईकपासून लांब, खिडकीशी होती. "एकदा खरं सांगा. ऐकू आली होती ना तुम्हाला?"

"मला काहीही ऐकू आलं नाही," कानकाका म्हणाले. तोंड माईकसमोरच होतं. "शंभर वेळा सांगितलंय. माझ्या कानावर हेडफोन होता. मला काही ऐकू आलं नाही. काही म्हणजे काही नाही."

आकडे संपले. 'शांतता घेतली' अशी अक्षरं आली. खाली दोन बटणं, पुसा आणि ठेवा.

इतर कुणाचं काम असतं तर त्यांनी पुसून परत घेतलं असतं. पण कान तापले होते, आणि त्या खोलीत आणखी दहा सेकंद उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी 'ठेवा' दाबलं आणि बाहेर पडले.

ते खोटं बोलले होते. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळी ते पुढच्या खोलीत बसून दुकानासाठी नवे हेडफोन पारखत होते. आतून "अहो" अशी हाक आली. बंद कपातूनही आली. त्यांनी डावा कप कानामागे सरकवला. "अहो." आणि थोड्या वेळाने परत, जरा ओढून, "अहोऽ." चौथी आली की उठू, असं त्यांनी ठरवलं. चौथी आली नाही. मग त्यांना वाटलं, काम झालं असेल तिचं. उजव्या कानाने ते हेडफोन ऐकत राहिले. चाळीस मिनिटांनी लेक क्लासहून आली. आई आतल्या दारात पालथी पडलेली होती आणि बापाचा डावा कान उघडा होता. लेकीने दोन्ही बघितलं.

डॉक्टर म्हणाले होते, डोक्यातली शीर फुटली, अर्धा तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. दवाखान्याच्या कागदावर कानकाकांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, हाक ऐकू आली नाही.

*

माईक चांगला निघाला. लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, आता तुझ्याकडे एकदम चिडीचूप. कानकाका मुद्दाम दाराशी उभे राहून खोकले, पलीकडे काही गेलं नाही. माईकने आपलं काम केलं, एवढाच त्यांनी अर्थ काढला.

मंगळवारी ते लेकीच्या खोलीत जाऊन म्हणाले, जेवून घे. तिच्या कानावर हेडफोन होता, पण बाहेरचे आवाज आत येऊ देणारं बटण चालू होतं. त्यावरचा बारीक हिरवा दिवा त्यांना दिसत होता. ते परत म्हणाले. तिने मान वळवली नाही. तेवढ्यात कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि ती लगेच उठली. दारात बाप दिसला तेव्हा दचकली.

"असे भुतासारखे काय उभे राहता? तोंड नाही का?"

"दोनदा हाक मारली."

"मारली असेल," ती म्हणाली. "आपल्याकडे हाका कुणाला ऐकू येतात?"

बुधवारी त्यांनी दुकानातून घरी फोन केला. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि शेवटी शिवी घालून ठेवून दिला. नंतर एका जुन्या गिऱ्हाइकाला केला, तिथेही तेच. त्यांनी फोन बदलला, सिम बदललं. मेहुण्याच्या फोनवरून केला. समोरचा म्हणाला, "कोण आहे? मागे रस्त्याचा आवाज येतोय, बोला की."

गुरुवारी कानकाकांनी मागची खोली आतून बंद केली. ते सरळ विचार करणारे गृहस्थ होते. बिघाड असेल तर तो कुठल्या तरी जागी असतो आणि जागा सापडते. त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे चार माईक मांडले. यातला एकही त्यांच्या घरी गेलेला नव्हता. पंखा चालू ठेवला आणि चारही माईकवर एकदम बोलले. एक ते वीस आकडे.

मग ऐकलं. पंखा होता. आकड्यांच्या जागी आकडे नव्हते, आणि पंखाही नव्हता. एक म्हटलं तेवढा वेळ काही नाही, मग जरासा पंखा, दोनच्या जागी परत काही नाही. कापडातून कात्रीने तुकडे काढावेत तशी वीस भोकं. चारही माईकवर सारखी.

त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. भोकात काही नव्हतं.

घरी जाऊन लेक बाहेर असताना त्यांनी तिच्या प्रोग्राममधली ती दहा सेकंदं पुसली. नवी घेतली, तोंड मिटून, श्वास धरून. मग "एक, दोन" म्हणून बघितलं. पडद्यावरची आवाजाची रेघ सरळच राहिली.

शुक्रवारी त्यांनी मेहुण्याला मागे बोलावलं. बोलावलं म्हणजे खांद्याला हात लावून आणलं, कारण हाक त्याला पोचली नव्हती. जवळून, चेहऱ्यासमोर बोललं तर अजून ऐकू जात होतं, पण भिंतीपलीकडून बोलल्यासारखं.

"सर्दी झालीय का तुम्हाला? घसा बघा दाखवून."

"हे ऐक. काल भरलंय. भोकं पडलीत."

मेहुण्याने हेडफोन चढवला. सुरुवातीला त्याचा चेहरा होता तसाच, कंटाळलेला. मग त्याने हात वर केला, जणू कुणी बोलू नये. दोन्ही कप त्याने तळव्यांनी कानावर दाबले. शेवटपर्यंत ऐकलं. परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलायला लागला.

"हे कधीचं आहे?"

"कालचं."

"खोटं बोलू नका."

"कालचं आहे. मी आकडे म्हटलेत, ते गेलेत. तुला काय ऐकू येतंय? त्यात काही नाही."

मेहुण्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, जपून, काचेचा असल्यासारखा. नंतर तो कानकाकांकडे असा बघत राहिला की त्यांनी नजर काढून घेतली.

"काही नाही म्हणता?" तो म्हणाला. "तुम्हाला यात काही नाही?"

"काय आहे?"

"उद्यापासून दुकानात येऊ नका, दाजी. मी हात जोडतो. इथे यायचं नाही आणि माझ्यासमोर बोलायचं नाही." दारात थांबून तो म्हणाला, "पोरीला रविवारी मी नेणार आहे. गाडी घेऊन खाली येईन. वर येणार नाही."

तो गेल्यावर कानकाकांनी तो तुकडा अकरा वेळा ऐकला. पंखा, भोक. पंखा, भोक.

*

लेक जाणार हे त्यांना असं कळलं. दुसऱ्या शहरात टोळीने घर घेतलं होतं, पाचही जणी तिथेच राहणार होत्या.

शनिवारी त्यांनी तिला कागदावर लिहून विचारलं. तिने वाचलं आणि कागद परत दिला.

"लिहून काय देता? तुमचं लिहिलेलं मी वाचलंय. दवाखान्यात. सुंदर अक्षर आहे." ती कपडे घडी करत होती. "उद्या बारा वाजता मामा येईल. त्याआधी तुम्ही माझ्यासमोर उभं राहून, तोंडाने, खरं सांगितलंत तर मी राहीन. वर्षभर राहीन. खरं काय ते मला माहितीय, पण ते तुमच्या तोंडून यायला पाहिजे. नाही सांगितलंत तर तुमची माझी ओळख संपली. मी मेले तरी कळवणार नाहीत तुम्हाला."

कानकाकांनी मान हलवली. सांगतो म्हणाले. ती घडी करत राहिली.

रविवारी अकराला तिने दोन बॅगा पुढच्या खोलीत आणून ठेवल्या. स्वच्छ ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. कानकाका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासमोर उभे राहिले.

"ऐकू आली होती," ते म्हणाले. "तीन वेळा ऐकू आली होती."

लेकीने फोनमधून डोकं वर काढलं. "काय?"

"तीन वेळा. मी उठलो नाही."

"नुसतं तोंड काय हलवताय?"

त्यांनी मोठ्याने सांगितलं. गळ्याच्या शिरा ताणून सांगितलं. स्वतःला स्वतःचा आवाज व्यवस्थित ऐकू येत होता. लेकीचा चेहरा लाल झाला.

"चेष्टा करताय माझी? आज? आजच्या दिवशी?"

त्यांनी खिशातला कागद काढून घाईघाईने लिहिलं, मी बोलतोय, तुला ऐकू येत नाही.

"मला सगळं ऐकू येतं! फ्रिज ऐकू येतो, खालच्यांच्या खुर्च्या ऐकू येतात. तुमच्या पेनाचा आवाज आला आत्ता." तिने कागद चुरगाळून त्यांच्या छातीवर फेकला. "लाज वाटत नाही? एक वाक्य. एक वाक्य मागितलं होतं मी."

ती बॅगेकडे वळली.

कानकाका बोलत राहिले. दुसरं काय करणार? सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. सकाळ, नवे हेडफोन, पहिली हाक. डावा कप कानामागे सरकवला ते. दुसरी हाक.

लेकीचा हात बॅगेच्या पट्ट्यावर थांबला.

तिने मान वळवली. बापाकडे नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे.

कानकाका गप्प झाले.

"नाही," ती म्हणाली. "थांबू नका."

तिचा आवाज बदलला होता.

"बोला. तोंड हलवा. काय करत होतात ते करा."

त्यांनी तिसरी हाक सांगितली. चौथीची वाट बघितली ते सांगितलं. लेक आतल्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. आत काही नव्हतं. मोकळी खाट, बंद कपाट, जमिनीवर उन्हाचा चौकोन. तिने दाराच्या चौकटीला कान लावला.

"हो," ती हळूच म्हणाली. "हो, मीच आहे. आले गं."

कानकाका मागे सरले. ते भिंतीला टेकले, आणि त्यांचं बोलणं तुटलं.

लेक गर्रकन वळली. दोन ढांगांत आली, त्यांचा दंड धरला, खुर्चीवर बसवलं. खुर्ची ओढून आतल्या दारासमोर आणली. तिचे डोळे भरले होते, पण बोटं त्यांच्या दंडात रुतत होती.

"तुम्ही थांबलात की आई थांबते," ती म्हणाली. "कळलं? थांबायचं नाही."

कानकाकांनी कान दिला. इतकं कधी कशासाठी ऐकलं नव्हतं तसं ऐकलं. फ्रिज. खालच्या खुर्च्या. स्वतःचा घोगरा आवाज. आतून काही नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग परत. लेक खिडकीशी गेली.

"मामा, जा तू. मी येत नाहीये."

गाडी जरा वेळ तशीच उभी होती, मग सुरू होऊन निघून गेली.

लेक राहिली होती.

तिने वही आणली, दुसरी खुर्ची बापाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली आणि आतल्या दाराकडे कान करून लिहायला लागली. भराभर लिहीत होती. मधेच "काय? परत सांग" म्हणत होती, मधेच हसली सुद्धा. कानकाकांचं सगळं सांगून झालं होतं. त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. घसा सोलून निघत होता. ते वहीत डोकावायला गेले, तेव्हा तिने परीक्षेत करतात तसा डावा हात आडवा ठेवला.

तिसऱ्यांदा ते दुसऱ्या हाकेपर्यंत आले तेव्हा तिचं लिहिणं थांबलं. ती ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. मग तिने आतून ऐकू आलेली एकच ओळ लिहिली, वाचली, आणि मान वर करून बापाच्या डाव्या कानाकडे बघितलं.

तिने आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली. मग पेन परत हातात घेतलं, नजर दाराकडे वळवली आणि त्यांच्याकडे न बघता बोटानेच खूण केली, चालू ठेवा.